शेजाऱ्याची तिफण आणि आपली पेरणी



रोहिणी सरते, मृग लागतो. एका संध्याकाळी आभाळ भरून येते, तासभर पाऊस पडतो आणि मातीचा वास घरात शिरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून एक तिफण निघते. ती पाहून दुसरी निघते. दुपारपर्यंत कुणाचे ट्रॅक्टर शेतात, कुणाच्या घरच्या बाया सरकी टोबायला. आपण ओट्यावर बसून हे पाहत असतो आणि आपला हात शिवशिवू लागतो.

आपल्याला माहीत नसते असे नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. आपले आजेही तेच सांगत, फक्त त्यांचे माप वेगळे होते. माती उकरून पाहा, वीतभर खाली ओल लागते का, मग तिफणीला हात लावा, असे त्यांचे म्हणणे. मे महिन्यात पारावर बसून आपण स्वतःच म्हटलेले असते की यंदा घाई करायची नाही. पण शेजाऱ्याची तिफण निघाली की मे महिन्यातले शहाणपण जूनमध्ये टिकत नाही. आपणही पेरतो. मग पाऊस पंधरा दिवस डोळे वटारतो, उगवलेला कोंब करपतो, आणि आपण पुन्हा कृषी केंद्राच्या पायरीवर बियाण्याच्या पिशव्या उधार मागायला उभे राहतो.

दुबार पेरणीचे खापर आपण पावसावर फोडतो. पाऊस आपल्या हातात नाही, हे खरेच. पण त्या सकाळी पेरायचे की थांबायचे हे ठरवले कुणी? आपण ठरवले नाही. शेजाऱ्याच्या तिफणीने ठरवले. आणि गंमत अशी, की शेजाऱ्याला विचारले तर तो सांगतो, मी तर पलीकडच्याची तिफण पाहून निघालो.

आज आम्हाला लिहायचे आहे ते पेरणीबद्दल नाही. आयुष्यातले बाकीचे मोठे निर्णय आपण कसे घेतो, त्याबद्दल आहे.

तत्त्वज्ञान म्हणजे काय रे भाऊ?

जीवनाचे तत्त्वज्ञान असा शब्द उच्चारला की आपल्यातला अर्धा माणूस उठून तंबाखू चोळायला बाहेर जातो. हे काम कीर्तनकारांचे, प्राध्यापकांचे, पेन्शनवाल्यांचे, असे आपल्याला वाटते. ज्याला उद्या निंदणाच्या मजुरीचे पैसे कुठून आणायचे याची काळजी आहे, त्याला कसले आले तत्त्वज्ञान?

पण तत्त्वज्ञान नाही असा एकही शेतकरी आम्ही पाहिलेला नाही. मुलीच्या लग्नात किती पंगती उठवायच्या, बापाच्या तेरवीला किती गावे सांगायची, भावाशी बांध कोरल्यावरून कोर्टात जायचे की नाही, मुलीला बारावीपुढे शिकवायचे की उजवून टाकायचे, हे सारे निर्णय आपण कुठल्या तरी नियमाने घेतोच. तो नियम कधी लिहिलेला नसतो, कधी बोललेला नसतो, म्हणून तो नियम आहे हे कळत नाही. आपल्यातल्या बहुतेकांचा तो नियम तीन शब्दांचा आहे : ‘लोक काय म्हणतील?’

हे आपले तत्त्वज्ञान. कुठल्या ग्रंथात सापडत नाही, पण गावोगाव पाळले जाते. देवाचा उपवास चुकेल, हा नियम चुकत नाही. आणि या नियमाची वसुली कुठल्याही सावकारापेक्षा कडक आहे. महात्मा जोतिराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात माणूस पोटात असल्यापासून तो मेल्यानंतरपर्यंत कुठल्या कुठल्या निमित्ताने शेतकऱ्याच्या हातातला पैसा निघून जातो, त्याची यादीच मांडली आहे. आज १४० वर्षांनी त्यातली काही निमित्ते गेली, काही नवी आली. मांडव गेला, मंगल कार्यालय आले. वाजंत्री गेली, डीजे आला. पैसा जाण्याची वाट मात्र तीच राहिली.

आधी भावाचे बोला!

इथे कुणी तरी उठून आम्हाला दम देईल, हे आम्ही जाणतो. तो म्हणेल, कापसाला भाव नाही, ज्वारीला भाव नाही आणि तुम्ही आम्हाला काटकसर शिकवता? ही भाषा तर आम्हाला लुटणाऱ्यांची आहे. शेतकरी लग्नात खर्च करतो, शेतकरी दारू पितो, म्हणून तो बुडतो, असे सांगून ते मोकळे होतात.

त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. ज्या मालाचा उत्पादन खर्चच भरून निघत नाही, तो माल पिकवणाऱ्याने चहा सोडला, चप्पल सोडली, तरी त्याचे कर्ज फिटत नाही. भावाचा प्रश्न भावानेच सुटेल. त्याची लढाई बैठकीत, रस्त्यावर, कोर्टात लढायची आहे आणि ती कुठल्याही वैयक्तिक नियमांनी जिंकता येणार नाही.

आम्ही सांगतो ती गोष्ट वेगळी आहे. भाव आपल्या हातात नाही, पाऊस नाही, सरकार नाही. मग आपल्या हातात काय आहे? थोडेसेच आहे. पण जे थोडे आहे तेही आपण शेजाऱ्याच्या हातात देऊन टाकले आहे, ही आमची तक्रार आहे. दहा गोष्टींतल्या आठ आपल्या हाताबाहेरच्या असतील, तर उरलेल्या दोन फार जपून वापराव्या लागतात. बागाइतदाराची एक पाळी चुकली तर दुसरी देता येते. कोरडवाहूवाल्याचा एक निर्णय चुकला की वर्ष जाते.

आणखी एक. ज्याचा स्वतःचा कणा नाही तो चळवळीतही फार दिवस टिकत नाही. एका सभेत हात वर करतो, दुसऱ्या सभेत कुणी जातीची आठवण दिली की तिकडे जातो, तिसऱ्या वेळी रात्री पाकीट आले की घरीच बसतो. लोक काय म्हणतील यावर जगणारा माणूस मतही तसेच देतो.

दापुऱ्याचा गुराखी

आपल्याच वऱ्हाडातल्या एका माणसाने आपले नियम आपणच कसे ठरवले, त्याची गोष्ट सांगतो. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव, घर परटाचे. पोर लहान असतानाच बाप दारूपायी गेला. आई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. पोराने गुरे राखली, वखर धरला, मामाच्या शेतात राबला. शाळा त्याने पाहिली नाही. आणि राबून जी शेती उभी केली ती सावकाराच्या कर्जात गेली.

असे पुष्कळांचे झाले. पुष्कळांनी नशिबाला दोष दिला आणि पुढच्या लग्नाला पुन्हा कर्ज काढले. डेबूजीने काय केले? जे डोळ्यांनी पाहिले त्याचा हिशोब मांडला. बाप कशाने गेला? दारूने. जमीन कशाने गेली? कर्जाने, आणि कागदावर काय लिहिले आहे ते वाचता न आल्याने. लोक कर्ज कशाला काढतात? देवाला कोंबडे-बकरे, जातीला जेवण, नवस, तेरवी. या तीन-चार प्रश्नांच्या उत्तरांतून त्याने आपले नियम केले. ग्रंथ वाचून केले नाहीत, वाचताच येत नव्हते.

नियमाची पहिली परीक्षा घरातच झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू द्यायची. डेबूजीने गोड जेवण वाढले. जातभाई चिडले. आज आपल्याला ही गोष्ट लहान वाटेल. पण आपल्याच माणसांच्या पंगतीत, आपल्याच अंगणात उभे राहून ‘आमच्या घरी हे होणार नाही’ म्हणणे किती जड असते, हे ज्याने म्हणून पाहिले त्यालाच ठाऊक.

१९०५ साली या माणसाने घर सोडले. हातात खराटा आणि खापराचे गाडगे. त्या गाडग्यावरून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. पुढची पन्नास वर्षे ते गावोगाव फिरले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात उपदेश कमी आणि प्रश्न जास्त. समोरच्या माणसालाच विचारायचे आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे. सांगणे मोजकेच होते : कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून देवाला जाऊ नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका, मुक्या जनावराचा जीव घेऊ नका, आणि पोटाला चिमटा घ्या पण पोराला शिकवा. पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी यात्रेकरूंसाठी मोठमोठ्या धर्मशाळा त्यांनी बांधल्या. मी कुणाचा गुरू नाही आणि माझा कुणी शिष्य नाही, असे ते सांगत आले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर प्रवासातच त्यांनी देह ठेवला.

या गोष्टीतून आम्ही काय घ्यावे? सगळ्यांनी घर सोडून खराटा हाती घ्यावा असे नाही. आपल्याला शेत आहे, गुरे आहेत, पोरेबाळे आहेत. घ्यायचे ते एवढेच, की या माणसाचे नियम त्याच्या स्वतःच्या दुःखाच्या हिशोबातून निघाले. ते इतके थोडके होते की निरक्षर माणसालाही पाठ राहावेत. आणि त्यांची किंमत त्याने आधी स्वतःच्या घरात मोजली, मग दुसऱ्याला सांगितले.

आमची वही

आमच्या गावात आम्ही सहा जण आहोत. कुणाला चार एकर, कुणाला नऊ, सगळे कोरडवाहू. कपाशी, तूर, ज्वारी. काही वर्षांपूर्वी पाडव्याला, सालगड्याचे साल ठरते त्या दिवशी, आम्ही एक शंभर पानी वही आणली आणि आपले साल आपल्याशीच ठरवले. तीन संध्याकाळी भांडून पाच नियम लिहिले. ते असे.

पहिला : घरात लपवलेले कर्ज नाही. जेवढे घेतले तेवढे घरच्या बाईला माहीत पाहिजे, आकड्यानिशी आणि नावानिशी. आपल्याकडे धनी गेल्यावर दहाव्याच्या दिवशी एकेक जण दारात येतो आणि सांगतो, माझे इतके होते. त्या माउलीला त्यातले एकही नाव ठाऊक नसते. जी बाई शेतात निंदते, वेचते, सरकी टोबते तिला कर्ज मात्र सांगायचे नाही, ही कुठली मर्दुमकी? आमच्यापैकी एकाने हा नियम लिहिल्यावर घरी जाऊन पहिल्यांदा खरा आकडा सांगितला. तो म्हणाला, ‘मला वाटले ती रडेल. ती म्हणाली, मला वाटले होते याच्या दुप्पट असेल.’ त्या रात्री तो बऱ्याच महिन्यांनी शांत झोपला.

दुसरा : दाखवण्यासाठी कर्ज नाही. बियाण्याला, बैलाला, दवाखान्याला, शाळेला कर्ज घ्यावे लागते, तो आपला दोष नाही. पण मांडवाला, पंगतीला, तेरवीला नाही. हिशोब करून पाहा. चाळीस हजार रुपये शेकडा तीनने खासगीत उचलले, तर महिन्याला बाराशे आणि वर्षाला चौदा हजार चारशे नुसते व्याज. कापूस सात हजार क्विंटल धरला, तर व्याजापोटी दोन क्विंटल कापूस गेला. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल पिकवताना कंबर मोडते. म्हणजे एका दिवसाच्या पंगतीसाठी जवळजवळ अर्धा एकर शेत वर्षभर सावकारासाठी पिकवायचे, आणि मुद्दल होते तिथेच.

हा नियम आमच्यातल्या एकाने पाळला आणि एकाने मोडला. पाळणाऱ्याच्या मुलीचे लग्न ठरत होते. त्याने सोयऱ्यांना पहिल्या बैठकीतच सांगितले की साखरपुड्यातच लग्न उरकू, जेवण साधे, मानपान नाही. आठ दिवस सोयऱ्यांचा निरोप आला नाही. ते आठ दिवस त्या घरात कसे गेले ते आम्ही पाहिले आहे. बायको बोलेना, म्हातारी म्हणे, पोरीचे सोने होत होते, तू माती केलीस. नवव्या दिवशी मुलाच्या बापाचा निरोप आला की त्यांच्यावरही मोठ्या मुलाच्या लग्नाचे कर्ज आहे, त्यांनाही हेच पाहिजे होते, पण तोंड उघडायचे कुणी? पाहा, दोन्हीकडे तिफणी तयार, आणि दोघेही एकमेकांकडे पाहत बसलेले!

मोडणाऱ्याचे असे झाले की बाप गेला. भाऊबंद जमले आणि म्हणाले, म्हाताऱ्याने एवढे गावाचे खाल्ले, गावाला खाऊ घालायला नको? त्याने बायकोची पोत गहाण ठेवली आणि चार गावे जेवू घातली. पोत अजून सुटलेली नाही. पुढच्या पाडव्याला त्याने वही मागितली आणि स्वतःच्या हाताने लिहिले : ‘नियम क्रमांक दोन मोडला. कारण, भीती.’ आम्ही त्याला काही बोललो नाही. मोडलेला नियम लिहून ठेवणारा माणूस आमच्या लेखी न मोडणाऱ्याइतकाच मोठा आहे.

तिसरा : काटा एकच. हा नियम लिहिताना सगळ्यात जास्त भांडण झाले. व्यापाऱ्याचा काटा मारतो, कट्टी लावतो, म्हणून आपण ओरडतो आणि ओरडलेच पाहिजे. पण वेचणीला येणाऱ्या बायांचा कापूस शेताच्या धुऱ्यावर मोजताना आपला काटा कसा असतो? किलोमागे मजुरी आहे, आणि गाठोड्याचे किलो-अर्धा किलो आपण सरळ कापतो, हे खोटे आहे का? आणि गाडी भरण्याच्या आदल्या रात्री कापसावर पाणी कोण मारतो? ज्या मापाने आपल्याला मोजून घ्यायचे आहे त्याच मापाने दुसऱ्याला मोजायचे. हे जमत नसेल तर बाजार समितीत आवाज चढवायचा आपल्याला अधिकार नाही.

चौथा : जे आपल्या पोराला करू देणार नाही ते दुसऱ्याच्या पोराकडून करून घ्यायचे नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो दवाखान्यात पडले. उंच वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधांची मिसळ, उघडे अंग, भर उन्हात पंप. त्यात औषध विकणाऱ्यांचा दोष किती, सरकारचा किती, हा वाद झाला आणि व्हायलाच पाहिजे. पण पंप दुसऱ्याच्या पाठीवर देऊन धुऱ्यावर बसणारे आपणच होतो. म्हणून वहीत लिहिले, की तोंडाला फडके, हातात मोजे, पूर्ण अंगभर कपडे आणि साबण-पाणी दिल्याशिवाय आमच्या शेतात फवारणी होणार नाही. उलट्या वाऱ्यात आणि उपाशीपोटी तर नाहीच.

पाचवा नियम सगळ्यात शेवटी लिहिला, पण तो पहिला पाहिजे होता. त्याच्यासाठी वेगळे लिहावे लागेल.

कर्ज हा हिशोब आहे, पाप नाही

आपल्या गावांतून गेल्या तीस वर्षांत किती माणसे गेली ते आपण मोजायचे सोडून दिले आहे. पोळ्याला बैल सजवणारी, सभेला आपल्या शेजारी बसणारी माणसे. कुणाचे एक लाख होते, कुणाचे तीन लाख. शहरात तेवढ्याची मोटारसायकल येते. माणूस एवढ्या रकमेसाठी जात नाही. बँकेचा माणूस दारात आला, सोसायटीच्या फळ्यावर नाव लागले, पाहुण्यांसमोर सावकाराने आवाज चढवला, आता तोंड कसे दाखवू, या विचाराने जातो. म्हणजे तिथेही तोच तीन शब्दांचा नियम, लोक काय म्हणतील. ज्या नियमाने कर्ज करायला लावले तोच नियम शेवटी जीव मागतो.

म्हणून आमचा पाचवा नियम : कर्जाची गाठ अब्रूशी बांधायची नाही, आणि संकटात एकटे बसायचे नाही.

घामाच्या मालाला दाम मिळाला नाही म्हणून जे कर्ज राहिले ते आपले पाप नाही. तो एक हिशोब आहे आणि हिशोब पुढे ढकलता येतो, तोडता येतो, त्यावर भांडता येते. कारखाने बुडतात तेव्हा त्यांचे मालक बँकेसमोर बसून वाटाघाटी करतात आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवतात. आपल्यालाच काय म्हणून मान खाली घालायची?

कायद्याकडे पाहा. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० सांगते, की कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या जप्तीतही शेतकऱ्याची शेतीची अवजारे, पोटापुरते लागणारे बैल आणि बियाण्याचे धान्य उचलता येत नाही. एवढा रुक्ष कायदा, पण त्यालाही कळते की उद्या पेरायला माणसाजवळ काही तरी राहिले पाहिजे. जिथे कायदा बैल आणि बियाणे सोडतो, तिथे आपण स्वतःचा जीव कशाच्या हिशोबात धरतो? विनापरवाना सावकारी करणाऱ्याने दमदाटी केली, जमीन लिहून घेतली, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. ती करायला आम्ही सोबत येतो, एकट्याने जायचे काम नाही.

आणि रात्री झोप येत नसेल, मनात नको ते येत असेल, तर त्या रात्रीच कुणाचे तरी दार वाजवा. आमच्या सहा जणांत ठरले आहे, की रात्री दोन वाजता दार वाजले तरी ‘काय झाले’ विचारायचे नाही, आधी चहा ठेवायचा. दार वाजवणे जमत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. बायाबापड्यांनो, घरातला माणूस अचानक गप्प झाला, जेवण सोडले, उगाच साऱ्यांची निरवानिरव करू लागला, तर लाजू नका, शेजाऱ्याला बोलवा. शेजाऱ्याची तिफण पाहून पेरणे वाईट, पण शेजाऱ्याचा ओटा असतो तो यासाठीच.

तुमची वही तुम्ही लिहा

हे पाच नियम आमचे आहेत. ते तुम्ही उतरवून घेतले तर तीही शेजाऱ्याच्या तिफणीवरची पेरणीच झाली. काळ्या कसदार जमिनीत जे चालते ते बरडीत चालत नाही. ज्याच्या घरी दारू शिरली आहे त्याचा पहिला नियम वेगळा असेल. ज्या बहिणीचे सातबाऱ्यावर नाव नाही तिचा वेगळा. ज्याचा भावाशी पंधरा वर्षे कोर्टात बांधाचा खटला चालू आहे त्याने तर आज रात्रीच वही काढावी.

आम्हाला जी रीत उपयोगी पडली ती तेवढी सांगतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांतले असे तीन निर्णय आठवा की ज्यांची आज चुटपुट लागते. प्रत्येकापुढे लिहा, तेव्हा मी कुणाकडे पाहत होतो? भावबंदाकडे, सोयऱ्याकडे, पुढाऱ्याकडे, की मेलेल्या बापाच्या नावाकडे? तिन्हींची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की आपला दुखरा ठोका सापडतो. तिथे पहिला नियम लिहा. मग असा एक निर्णय आठवा की ज्याचा आजही अभिमान वाटतो, आणि तो कशाच्या बळावर घेतला ते लिहा. तो दुसरा नियम. चार-पाचाच्या वर जाऊ नका, पाठ राहणार नाहीत.

नियम लिहिल्यावर एका तरी माणसाला सांगा. पोटात ठेवलेला नियम मोडला तर कुणाला कळत नाही, आणि म्हणून तो मोडतो. ज्या नियमाने काहीच सोडावे लागत नाही तो नियम खोडून टाका, ती नुसती सजावट आहे.

आणि शेवटचे. नियम बदलायला मनाई नाही. माणूस शिकतो, काळ बदलतो. फरदड ठेवणे कधी काळी फायद्याचे वाटे, गुलाबी बोंडअळी आल्यापासून तेच अंगाशी येते. पण नियम बदलायचा तो उन्हाळ्यात, डोके शांत असताना, चार माणसांत बसून. जूनमध्ये तिफणी निघाल्यावर नाही, मांडवात सोयरे रुसल्यावर नाही, आणि रात्री दोन वाजता एकट्याने तर कधीच नाही.

येत्या जिल्हा बैठकीत भावाचे, विम्याचे, विजेचे ठराव होतील तसे होतील. आमची एवढीच विनंती आहे, की येताना प्रत्येक गावाने आपला एक नियम कागदावर लिहून आणावा. नाव घालायची गरज नाही. दुपारच्या जेवणाआधी ते सगळे कागद मोठ्याने वाचू. कुणाचा मोडला असेल तर तेही लिहावे, आणि कशाने मोडला तेही. आमच्या गावचा कागद तयार आहे. त्यावर पाच नियम आहेत आणि खाली, आमच्या त्या मित्राच्या अक्षरात, एक ओळ आहे की यंदा पोत सोडवायची.